अरहं म्हणजे कोण?



तथागतांना वंदन करताना आपण 'अरहतो' हा शब्द रोज तीन वेळा उच्चारतो. घरातील लहान मुलेही तो बिनचूक म्हणतात. पण अर्थ विचारला तर "देवासारखा कुणीतरी" असे उत्तर मिळते. हे उत्तर तसेच राहू दिले, तर वंदनेची पुन्हा देवपूजा व्हायला वेळ लागणार नाही.

'अरहतो' हे पाली रूप. मूळ शब्द 'अरहन्त', संस्कृतात 'अर्हत्'. 'अर्ह्' या धातूचा अर्थ योग्य असणे, मोलाचा असणे. त्याच कुळातला 'अर्घ' म्हणजे किंमत. मोठी किंमत ती 'महार्घ', आणि हाच शब्द झिजून बाजारातला आपला 'महाग' झाला. नोकरीच्या जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता' असे छापलेले असते, एखादा सदस्य 'अनर्ह' ठरतो, तेही शब्द याच धातूचे. तेव्हा वंदनेतला शब्द परका नाही. तुमच्या मुलीच्या अर्जातही तो आहे.

ऋग्वेदात 'अर्हन्' हे विशेषण देवांना लावलेले आढळते. श्रमणांनी ते माणसाला दिले. जैन बांधवही आपल्या तीर्थंकरांना अरिहंत म्हणतात. बौद्ध धम्मात ज्याचे लोभ, द्वेष आणि मोह समूळ गेले तो अर्हत. येथे जन्माचा दाखला मागितला जात नाही.

पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी 'विशुद्धिमार्गा'त या शब्दाची आणखी फोड केली आहे. 'अरि' म्हणजे शत्रू. विकाररूपी शत्रू ज्याने मारले तो. 'रह' म्हणजे एकांत. पाप करायला ज्याला एकांत उरला नाही, तोही अरहं. व्याकरणाला अशी फोड मान्य होणार नाही. मला मात्र दुसरी फार आवडते. कोणी पाहत नसतानाही जो वाईट वागत नाही, तो योग्य, हे मुलांना लगेच समजते.

आता एक कडू शब्द. 'लायक' हा अरबी शब्द फारशीमार्गे मराठीत आला. अर्थ तोच, योग्य. पण आपल्या वाट्याला तो "तुझी लायकी काय?" असाच आला. पाणवठ्यावर आला, वर्गातही आला. मी स्वतः तो फळ्यासमोर उभा राहून ऐकला आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असे, आणि ते जातीत होते.

थेरगाथेतला सुनीत पाहा. हलक्या मानलेल्या कुळातला, कोमेजलेली फुले उचलून टाकणारा. भगवंत दिसताच त्याने खांद्यावरची कावड खाली ठेवली. भगवंतांनी त्याला "ये भिक्खू" म्हणून संघात घेतले, आणि तो अर्हत झाला. पुढे इंद्र आणि ब्रह्मा त्याला हात जोडतात असे वर्णन आहे. इंद्र-ब्रह्म्यांशी आपल्याला कर्तव्य नाही. पण सांगणाऱ्याचा रोख ध्यानात घ्या. थेरीगाथेतली पुण्णा अनाथपिंडिकाच्या घरची, थंडीत पाणी भरणारी दासी. तिलाही हेच पद मिळाले. सुनीताची कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आवर्जून घेतली आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर ती घरात मोठ्याने वाचा. वाचायला मुलीला बसवा.