सायलेन्सर दुरुस्त करताना ऑक्सिजन सेन्सर काढावा काय?



रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यातून फिरलेल्या मोटारसायकलचे सायलेन्सर लवकर गंजते आणि एक दिवस फुटते. लालबर्रा भागात हे कुणाला सांगायला नको. आम्हीही अशीच एक गाडी वेल्डिंगला नेली. मिस्त्री म्हणाला, "ही वायर काढून टाकू, भोकात बोल्ट बसवू. गाडी चालते." गाडी चालली खरी, पण पंधरवड्यात पेट्रोल जास्त लागू लागले आणि मीटरवरचा पिवळा दिवा काही विझेना.

ती वायर ऑक्सिजन सेन्सरची. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला तो बहुधा नसतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले, त्यानंतरच्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांना असतो. डिझेल ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. ती येथे नको.

चुलीला हवा कमी पडली की धूर होतो आणि लाकूड वाया जाते, हे आपण रोज पाहतो. इंजिनाचेही तसेच. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. सेन्सर तापला की जळालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते ओळखतो आणि गाडीतील छोट्या संगणकाला कळवतो. त्यावरून संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. सेन्सर काढला की संगणक आंधळा होतो व बहुधा जास्तच पेट्रोल सोडतो. हे जादा पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला फाजील तापवते. त्यात प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असतात. तो बिघडला तर सेन्सरचे वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

खिशापेक्षा जीव मोठा. पेट्रोल अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पुढे शुद्ध हरपते. सेन्सर शाबूत असला तरी बंद कोठ्यात वा घरात इंजिन चालू ठेवू नये. कुणाला असा त्रास झाला तर आधी उघड्या हवेत आणावे व लगेच दवाखान्यात न्यावे.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सेन्सर आणि इंजिन यांच्यामधल्या पाइपला बारीकशी चीर राहिली, तर तिच्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर म्हणतो ऑक्सिजन फार आहे, संगणक पेट्रोल वाढवतो. दोष चिरेचा आणि आळ सेन्सरवर! म्हणून आधी पाइप नीट करून घ्यावा, मग सेन्सरची तपासणी करावी.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी आणि सेन्सर काढून बाजूला जपून ठेवावा. इंजिन थोडे कोमट असताना गंज सोडवणारे तेल लावले तर तो सहज सुटतो. वायरीला पीळ देऊ नये, सेन्सर पाडू नये, पेट्रोलमध्ये धुऊ नये. जोडाला साधी सिलिकॉन पेस्ट लावू नये. तिच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. नवा पाइप घेताना सेन्सरचे आटे असलेले भोक मूळ जागीच आहे ना, ते दुकानातच पाहावे. नसेल तर तो स्वस्त पाइप दुकानदारालाच परत द्यावा.