जुने मॉडेल इंजिन: घ्यावे की सोडावे?

जुन्या मालाचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांकडे अधूनमधून विलायती चीजवस्तू चालून येतात. कुणी जुना बंगला रिकामा करतो, कुणाचे नातेवाईक लंडन-बर्मिंगहॅमहून परतताना पेटीत काहीबाही घालून आणतात. त्यात घड्याळ, ग्रामोफोन यांच्याबरोबर कधी कधी रुळांवर विजेने धावणारे आगगाडीचे छोटे इंजिनही निघते. खेळणे म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा हा माल नाही. इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत आणि थोड्या प्रमाणात आपल्याकडेही याचे शौकीन चांगले पैसे मोजतात, आणि दुरुस्तीचे काम तर कारागिराच्याच हातचे आहे. मात्र माल पारखता आला नाही तर भांडवल बुडते. माझे एकदा बुडाले, म्हणून हे लिहीत आहे.

मुंबईच्या चोर बाजारात एका दुकानात दोन इंजिने माझ्यापुढे ठेवली गेली. दोन्ही हॉर्नबी डब्लो या नावाची, एकाच ठेवणीची. एक हिरवे, चकचकीत, बाजूला ‘सदर्न’ अशी अक्षरे. दुकानदाराने बॅटरीच्या तारा लावताच चाके भिरभिरली. दुसरे काळे, मळलेले, बाजूला ब्रिटिश रेल्वेचे सिंहाचे चिन्ह, आणि चाके जाम. हिरव्याचे साडेचार हजार, काळ्याचे बाराशे. मी चालणारे घेतले. माझ्याबरोबर आमच्या गावातले शिवणयंत्रे दुरुस्त करणारे उस्ताद होते. त्यांनी बंद पडलेले घेतले, तेव्हा मी मनात हसलो.

पुढचा पावसाळा संपला तेव्हा माझ्या इंजिनाच्या सांगाड्याला तडे गेले होते. पुढचा भाग अंगठ्याने दाबला, तर भिजलेल्या बिस्किटासारखा तुटून हातात आला. उस्तादांना दाखवले. ते म्हणाले, “शेठ, याच्या पोटाला बारीक रेघा होत्या. मी तेव्हाच पाहिल्या होत्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी पाहीपर्यंत तुम्ही पैसे देऊन मोकळे झाला होतात.”

त्यांचे काळे इंजिन दोन संध्याकाळच्या कामात सुरू झाले होते.

इंजिन चालते की नाही, हा आपण विचारतो तो पहिला प्रश्न इथे चुकीचा आहे. बंद इंजिन बहुधा सुरू करता येते. कुजलेला धातू मात्र कुणालाही नीट करता येत नाही. म्हणून आधी धातू पाहावा, मोटर नंतर.

या इंजिनांचे अंग आणि सांगाडा पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. इंग्लंडमध्ये त्याला मॅझॅक म्हणतात. जस्तात सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम घालून तो करतात. जस्त अतिशय शुद्ध असेल तर तो शंभर वर्षेही टिकतो. परंतु त्यात शिशाचा अंश टक्क्याच्या काही हजारांशापेक्षा जास्त गेला, तर धातू आतल्या आत, कणाकणाच्या सांध्यात कुजू लागतो. तो फुगतो, लांबतो, वाकतो, आणि शेवटी भुगा होतो. ऊब आणि दमट हवा यांनी हे काम जलद होते. आपल्या कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात काय होत असेल ते सांगायला नको. कापडवाल्यांना हे चटकन कळेल. गोदामात वर्षानुवर्षे घडी घालून पडलेले ठाण वरून नवे कोरे दिसते, पण घडी उलगडली की रेघेवर फाटते. तसाच हा प्रकार.

हा दोष ओळखायचा कसा? इंजिन उलटे करून उजेडात धरावे. पोटाच्या बाजूला, स्क्रूच्या भोकांजवळ आणि कोपऱ्यांवर केसासारख्या रेघा दिसतात का पाहावे. एक सरळ पट्टी सांगाड्यावर आडवी ठेवावी. मध्येच फट दिसली तर धातू वाकलेला आहे. अंगावरचे टोपण सांगाड्यावर सहज बसते का, की एका टोकाला अडते, हेही तपासावे. अडत असेल तर सांगाडा लांबला आहे. रंगाला फोड आले असतील तर नखाने हलकेच दाबून पाहावे. चाकेही बघावीत, कारण काही जुन्या गाड्यांची चाकेसुद्धा याच धातूची असून त्यांच्या कडा तुकड्यातुकड्याने गळतात. यांपैकी एक जरी खूण पक्की आढळली, तरी सौदा सोडून द्यावा. मग भाव कितीही उतरू दे. सुटे भाग काढून विकण्यासाठी घेत असाल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा भावही भंगाराचाच द्यावा.

इंजिन कोणत्या काळातले आहे हे कळले तर धोक्याचा अंदाज येतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने हॉर्नबी डब्लो ही मालिका १९३८ मध्ये काढली. महायुद्धापूर्वीच्या मालात हा कुजण्याचा दोष जास्त सापडतो, युद्धानंतरच्या मालात बराच कमी. इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४८ रोजी झाले. तेव्हा ज्या इंजिनावर ब्रिटिश रेल्वेचे चिन्ह मूळ रंगात आहे, ते युद्धापूर्वीचे असूच शकत नाही. ज्यावर जुन्या कंपनीची अक्षरे आहेत ते युद्धापूर्वीचे असू शकते, आणि तिथे दुप्पट सावध राहावे. माझ्या हिरव्या इंजिनावरची अक्षरे मला हेच सांगत होती, पण ती वाचता आली नाहीत. १९६४ मध्ये ट्रायँग खेळणी करणाऱ्या लाइन्स ब्रदर्स कंपनीने मेकॅनो विकत घेतली आणि डब्लो मालिका संपली. नवा माल म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. २००० नंतर चीनमध्ये तयार झालेल्या काही इंग्लिश डिझेल मॉडेलांचे सांगाडेही याच दोषाने फुटले आहेत.

धातू निर्दोष निघाला, तर बंद मोटरला घाबरण्याचे कारण नाही. जुने तेल वाळून डिंकासारखे होते आणि चाके जाम करते. बहुतेक ‘बिघडलेली’ इंजिने एवढ्यानेच बंद असतात. कार्बनचे ब्रश झिजलेले असतात, त्यांच्यामागची स्प्रिंग ढिली पडलेली असते, कम्युटेटरवर काजळी साचलेली असते. शिवणयंत्राची मोटर उघडणाऱ्याला यात काही नवीन नाही. उस्तादांनी कम्युटेटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, त्याच्या खाचांतली काजळी लाकडी काडीने काढली, ब्रश आणि एक तार बदलली, बस्स. तेल मात्र थेंबभरच घालावे आणि ते कम्युटेटरवर जाऊ देऊ नये. प्लॅस्टिकच्या भागांवर साधे खनिज तेल घालू नये, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

एक चूक कारागीर हमखास करतात, ती इथे सांगतो. जुन्या मोटरीतले चुंबक आतले आर्मेचर बाहेर काढताच आपली ताकद गमावू लागते. काढावेच लागले तर चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडाचा तुकडा आडवा लावून ठेवावा. ताकद उतरलेले इंजिन हातात धरल्यावर जोरात फिरते, पण रुळावर डबे ओढत नाही, वीज जास्त खाते आणि तापते. म्हणजे दुकानातले ते भिरभिरणे फसवे असू शकते. चाके फिरत असताना बोटाने किंचित अडवून पाहावे. लगेच मान टाकली तर चुंबक उतरले आहे असे समजावे. चुंबकाला पुन्हा ताकद भरता येते, पण त्याचे यंत्र सगळीकडे नसते. तेव्हा तो खर्च भावातून वजा करावा.

अलीकडच्या मॉडेलांत प्लॅस्टिकचे गिअर असतात. ते आसावर चिरतात आणि मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक-टक आवाज येतो. लोकप्रिय मॉडेलांचे असे गिअर वेगळे मिळतात, दुर्मिळांचे मिळत नाहीत. मागाचा भाग मिळेल का हे विचारल्याशिवाय आपण जुना पॉवरलूम घेत नाही. इथेही तेच.

आता रुळांचा प्रश्न. यात दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही फसतात. जुने हॉर्नबी डब्लो तीन रुळांवर, १२ व्होल्ट डी.सी. विजेवर चालते. मधल्या रुळातून वीज येते आणि बाजूच्या दोन्ही रुळांतून परत जाते, म्हणून त्याची चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी केलेली नसतात. असे इंजिन आजच्या दोन रुळांच्या मार्गावर ठेवले की सरळ शॉर्ट सर्किट होते. कंपनीने स्वतःच १९५९ मध्ये दोन रुळांची इंजिने काढली, तेव्हा एकाच नावाचा माल दोन तऱ्हांचा आहे. जर्मनीच्या मेर्क्लिनची जुनी इंजिनेही मधल्या स्पर्शावर चालतात, पण ती ए.सी. विजेवर, सुमारे १६ व्होल्टवर. उलट दिशेला नेण्यासाठी त्यांना सुमारे २४ व्होल्टचा क्षणिक झटका द्यावा लागतो. या सर्वांच्या रुळांतले अंतर एकच, १६.५ मिलिमीटर. म्हणून पट्टीने मोजून काही कळत नाही. इंजिन उलटे करून पोटाखाली मधोमध स्प्रिंगवरची पट्टी आहे का, ते पाहावे.

नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन तारा खिशात असल्या की डी.सी. इंजिनाची परीक्षा जागीच होते. दोन रुळांचे असेल तर दोन बाजूंच्या चाकांना तारा लावाव्यात. तीन रुळांचे असेल तर एक तार मधल्या पट्टीला, दुसरी चाकाला. तारा उलटसुलट करून दोन्ही दिशांना फिरवून पाहावे.

गिऱ्हाईक डिजिटल मार्ग वापरतो का, हेही विचारावे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॉडेल रेल्वे संघटनेने डी.सी.सी. हे मानक स्वीकारले. त्यात प्रत्येक इंजिनात एक छोटी चिप बसवतात. जुन्या मोटरीचा एक ब्रश सांगाड्याला जोडलेला असतो. तो वेगळा न करता चिप बसवली की चिप जळते. चिपची किंमत आणि ही मजुरी मिळून कधी कधी जुन्या इंजिनापेक्षा नवे स्वस्त पडते. संग्राहकाला मात्र चिप नको असते. त्याला मूळ रंग, मूळ डबा, न बदललेले भाग हवे असतात. म्हणून हौसेने नवा रंग देऊ नये, त्याने किंमत वाढत नाही, उतरते.

चांगल्या इंजिनाचा आवाज कसा असतो हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी पुण्यात कर्वे रस्त्यालगतचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून यावे. ते १९९८ मध्ये सुरू झाले. अर्ध्या तासात कान तयार होतो.

उस्तादांचा हिशेब असा होता: खरेदी बाराशे, ब्रश-तार साडेतीनशे, आणि आपली दोन संध्याकाळची मजुरी आठशे. ही मजुरी ते कधी विसरत नाहीत, आपण विसरतो. एकूण साडेतेवीसशे. पुण्याच्या एका शौकिनाला त्यांनी ते पस्तीसशेला दिले. ब्रश बदलले आहेत, पुढचा एक बफर मूळचा नाही, हे ऐब आधी सांगूनच. त्याच गिऱ्हाइकाने पुढे आणखी दोन इंजिने त्यांच्याकडे दुरुस्तीला पाठवली.

इंजिनाबरोबर जुना ट्रान्सफॉर्मर फुकट देतो असे कुणी म्हटले तरी घेऊ नका. त्याच्या तारांचे रबर वाळून पडलेले असते. आणि तो अमेरिकेतला असेल तर तिथली वीज सुमारे १२० व्होल्टची, आपली २३० ची. लावताच धूर निघेल. शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून घरातल्या लहान मुलांच्या हाती हा माल पडणार नाही अशा ठिकाणी ठेवा. माझे हिरवे इंजिन, म्हणजे त्याचे जे उरले आहे ते, मी दुकानात गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात ठेवले आहे. कुणी जुनी मोटर किंवा जुना माग स्वस्तात मिळतो म्हणून सांगायला आला, की आधी ते बाहेर काढून दाखवतो.