हलका ठोका

वाटूर, जि. जालना

चि. ओंकार,

पुण्याच्या रेंजवर तुझ्या पॉइंट टू-टू रायफलीचे बार मधूनच उडत नाहीत, दोष प्रायमरचा आहे, आणि परदेशातले नेमबाज करतात तशी काडतुसे आपणच भरली तर ही कटकट मिटेल, असे तू लिहितोस. बार उडत नाहीत हे खरे. दोष कुणाचा, हे अजून ठरायचे आहे. आणि काडतुसे भरण्याचा विचार तुझ्या रायफलीला लागूच होत नाही, कारण तिच्या काडतुसाला वेगळी टोपी, म्हणजे प्रायमर, नसते. बुडाच्या कडेला जी पोकळ घडी असते तिच्यात ठोक्याने पेटणारा ओला मसाला काडतूस गरगर फिरवून पसरवतात, आणि पिन त्या कडेवरच आदळते. कड एकदा चेपली की काडतुसाचे काम संपले. पुन्हा भरली जातात ती मधोमध टोपी असलेली काडतुसे. १८६६ च्या सुमारास इंग्लंडात बॉक्सर आणि अमेरिकेत बर्डन यांनी त्या टोपीची जी दोन रूपे काढली, तीच आजही चालतात. पण काडतूस कोणत्याही जातीचे असो, बार उडाला नाही तर आधी पिनेची खूण वाच आणि मग दोष दे, एवढेच मला तुला सांगायचे आहे.

मसाला पेटतो तो चिरडल्याने. टोपीच्या काडतुसात पिन टोपीचा तळ आत दाबते, मसाला समोरच्या छोट्या ऐरणीवर चिरडला जातो आणि ज्वाला छिद्रातून दारूपर्यंत पोचते. म्हणजे एकतर ठोका कमी पडला, नाहीतर मसाला निकामी निघाला. न उडालेल्या काडतुसावरची खूण नेहमीसारखी खोल असेल तर संशय काडतुसावर घ्यावा. उथळ असेल तर आधी रायफल तपासावी: स्प्रिंग थकली आहे का, बोल्टमध्ये मळी आणि ग्रीस साचले आहे का, बोल्ट पूर्ण बंद होतो का. तू म्हणशील, तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडते, म्हणजे मसालाच मंद होता. हा पुरावा वाटतो तेवढा पक्का नाही. टोपी तिच्या खळग्यात तळापर्यंत बसलेली नसेल तर पहिला ठोका तिला आत ढकलण्यातच खर्ची पडतो. ओल्या काळ्या रानात खुंटी ठोकताना पहिला घाव नुसता तिला रुतवतो, तसे. दुसऱ्या ठोक्याला टोपी टेकलेली असते, म्हणून पेटते. मसाला चांगलाच होता, बसवणारा हात चुकला होता, आणि घरी भरणाऱ्यांची नेहमीची चूक हीच. तुझ्या जातीच्या काडतुसातही चेंबर मळलेले असेल तर काडतूस अर्धवट बसते आणि पहिला ठोका तसाच वाया जातो. उलट, काडतूस थोडे फिरवून कडेच्या दुसऱ्या जागी ठोका दिल्यावर ते उडाले, तर पहिल्या जागी मसाला पोचला नव्हता असा संशय रास्त आहे. ही परीक्षा प्रशिक्षकांसमोरच करायची. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे त्याच खोक्यातली काडतुसे दुसऱ्या रायफलीत घालून पाहणे, आणि तुझ्या रायफलीत दुसरे खोके.

कडक स्प्रिंग घालून टाक, असेही कुणी सांगेल. त्याने खूण खोल होईल, पण मळलेले चेंबर मळलेलेच राहील. आणि टोपीच्या काडतुसात ठोका फार जोरात पडला तर टोपी फुटून गरम वायू मागे येतो. पुढेमागे मोठ्या बोअरकडे वळलास तरी स्वतः काडतुसे भरण्याला माझा विरोधच राहील. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा आहे. अशा कारखान्यांत टोप्यांच्या प्रत्येक खेपेतले नमुने ठराविक वजन ठराविक उंचीवरून टाकून तपासायची रीत असते. घरच्या टेबलावर ते होणार नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना तिथे चालत नाही.

यापुढे बार उडाला नाही की नळी लक्ष्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांब. क्वचित मसाला उशिरा पेटतो, आणि बोल्ट लगेच उघडला तर तो स्फोट हातात होईल. २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत तर बार अडला की पिस्तूल लक्ष्याकडे धरून मोकळा हात वर करायचा असतो. आधीच खटपट केली तर दाद मिळत नाही. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचा बार मुळीच काढू नकोस. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी गेली तर नळी फुटू शकते. रायफल रिकामी करून नळी आरपार पाहा.

न उडालेली काडतुसे रेंज ऑफिसरकडे जमा कर. दिवाळीला येताना एकही खिशात नको, एसटीत तर नकोच. जमा करण्याआधी त्यांच्या बुडांचे जवळून फोटो काढ, खोक्यावरचा लॉट नंबर लिहून ठेव आणि तेवढे मला पाठव.

तुझा,
काका