क्रमांक २१

क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस बेसबॉल हा खेळ परका वाटावा, हे साहजिकच आहे. परंतु चाहत्यांची जात सर्वत्र एकच. आवडता खेळाडू निधन पावल्यावर त्याच्या चाहत्यांनी त्याची आठवण कशी जतन केली, हे पाहावयाचे असेल तर रोबेर्तो क्लेमेंते याच्याइतके उत्तम उदाहरण आम्हांस दुसरे आढळत नाही. खेळाडूविषयी आपण प्रेमाने एकेरीत बोलतो. तीच रीत आम्ही येथे ठेवली आहे.

रोबेर्तोचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी पुएर्तो रिको बेटावरील कारोलिना या गावी झाला. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम होते. हे बेट अमेरिकेच्या सत्तेखाली असले तरी तेथील लोकांची भाषा स्पॅनिश. १९५५ साली तो पिट्सबर्ग शहराच्या पायरेट्स संघात दाखल झाला आणि अखेरपर्यंत, म्हणजे अठरा हंगाम, त्याच संघाकडून खेळला. बेसबॉलमध्ये फलंदाजाने चेंडू टोलवून पहिला तळ तरी सुखरूप गाठला, तर त्यास ‘हिट’ म्हणतात. शंभर संधींत तीस हिट मिळविणारा फलंदाज या खेळात उत्तम गणला जातो. क्लेमेंतेची साऱ्या कारकिर्दीची सरासरी जवळजवळ बत्तीस होती. मैदानाच्या उजव्या टोकाशी तो क्षेत्ररक्षण करी. तेथून त्याने फेकलेला चेंडू थेट तिसऱ्या तळावरच्या गड्याच्या हातात जाऊन विसावे. क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ हा बहुमान त्यास ओळीने बारा वर्षे मिळाला.

मात्र आरंभीची वर्षे सुखाची नव्हती. तो वर्णाने काळा होता. हंगामापूर्वीच्या सरावासाठी संघ फ्लोरिडात जाई, तेव्हा गोरे सहकारी उपाहारगृहात जेवत आणि काळ्या खेळाडूंना बाहेर बसमध्ये थांबावे लागे. शिवाय इंग्रजी ही त्याची परकी भाषा. कित्येक वार्ताहर त्याचे बोलणे छापताना त्याचे उच्चार मुद्दाम वेड्यावाकड्या अक्षरांत उतरवीत. आमच्या घरची भाषा कोंकणी; लहानपणी वर्गात मराठी बोलताना आमचा हेल निघाला की मुले हसत, आणि पुढले दोन दिवस आमचे तोंड उघडत नसे. म्हणून हा प्रसंग वाचताना आम्ही थोडे अधिक रेंगाळलो, हे कबूल केले पाहिजे.

त्यापुढची गोष्ट नावाची. अमेरिकन लोकांच्या जिभेला ‘रोबेर्तो’ जड वाटे, म्हणून त्यांनी त्यास ‘बॉब’ करून टाकले. मुले जी खेळाडूंची चित्रकार्डे जमवीत, त्यांवरही १९५७ ते १९६९ पर्यंत ‘बॉब क्लेमेंते’ असेच छापलेले असे. त्याला ते रुचत नसे. प्रेमाने एकेरी संबोधणे निराळे, आणि आईबापांनी ठेवलेले नाव आपल्या सोयीसाठी मोडणे निराळे. १९७१ साली जागतिक मालिका जिंकून तो त्या मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तेव्हा दूरचित्रवाणीवर इंग्रजीत काही सांगण्यापूर्वी त्याने स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. पुएर्तो रिकोच्या घराघरांतून त्या क्षणी काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने तीन हजारावा हिट मारला. त्यापूर्वी हा टप्पा अवघ्या दहा खेळाडूंनी गाठला होता. विशाल क्रीडांगणात त्या दिवशी प्रेक्षक होते फक्त १३,११७. दुसऱ्या तळावर उभे राहून त्याने टोपी उंचावली. नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचा हिट ठरेल, हे त्यांतल्या कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

२३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वा देशाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे दगावली. काही आठवड्यांपूर्वीच क्लेमेंते पुएर्तो रिकोचा हौशी संघ घेऊन त्या शहरात राहून आला होता. त्याने मदत गोळा केली, विमानांनी पाठविली. पण ती तेथील लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती पडते, पीडितांपर्यंत पोहोचत नाही, असे कानी आले. आपण स्वतः गेलो तर सामान कोणी अडविणार नाही, अशा विचाराने ३१ डिसेंबरच्या रात्री तो विमानात बसला. विमान जुने होते आणि त्यात क्षमतेहून अधिक भार घातलेला होता. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते समुद्रात कोसळले. आतील पाचही जण गेले. क्लेमेंतेचे वय अडतीस होते. मागे पत्नी व तीन लहान मुलगे राहिले.

नववर्षाच्या सकाळी बेटावरील माणसे किनाऱ्यावर जमू लागली. करण्यासारखे काही नव्हते. ती नुसती पाण्याकडे पाहत उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. नव्या गव्हर्नरांच्या शपथविधीचे समारंभ रद्द झाले. मानी संगीयेन हा पनामाचा खेळाडू त्याच्याच संघातला आणि त्याचा जिवलग मित्र. सारा संघ स्मृतिप्रार्थनेस गेला असता संगीयेन तेवढा गेला नाही. पाणबुड्यांबरोबर तो समुद्रात बुड्या मारून मित्राला शोधीत होता. देह अखेरपर्यंत सापडला नाही. ज्याला खांदा द्यावयाचा तोच नाही, अशा वेळी माणसे आपले प्रेम कोठे ठेवीत असतील?

पिट्सबर्गने ते एका आकड्यात ठेवले. त्याच्या पाठीवरचा २१ हा क्रमांक १९७३ च्या एप्रिलमध्ये संघाने कायमचा राखून ठेवला. पायरेट्सचा दुसरा कोणी तो धारण करीत नाही, केवळ त्याच्या स्मृतिदिनाचा अपवाद. २००१ साली नवे क्रीडांगण उघडले तेव्हा उजवीकडची, म्हणजे त्याच्या जागेमागची, भिंत बरोबर एकवीस फूट उंचीची बांधली. क्रीडांगणाकडे जाणाऱ्या नदीवरच्या पुलास त्याचे नाव आहे, आणि सामन्याच्या दिवशी त्या पुलावरून वाहने बंद ठेवून लोक चालत जातात. ज्यांनी त्याला खेळताना पाहिले, ते आता आजोबा झाले. नातवाचा हात धरून ते हा पूल ओलांडतात.

कूपरस्टाउन येथील ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्याशिवाय कोणास स्थान मिळत नाही. क्लेमेंतेसाठी हा नियम बाजूस ठेवून १९७३ सालीच त्याची निवड झाली. लॅटिन अमेरिकेचा तो तेथील पहिला खेळाडू. त्याच्या नावाची धातूची पाटी लागली, पण तीत पुन्हा तीच गफलत झाली. आपल्याकडे नावापुढे वडिलांचे नाव व मग आडनाव येते. स्पॅनिश रीतीत आधी वडिलांचे आडनाव आणि शेवटी आईचे. त्याची आई वॉकर घराण्यातली, म्हणून त्याचे पूर्ण नाव ‘रोबेर्तो क्लेमेंते वॉकर’. पाटीवर मात्र इंग्रजी वळणाने ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंते’ असे कोरले गेले. सत्तावीस वर्षे ती तशीच भिंतीवर होती. २००० साली ती उतरवून नवी पाटी बसविण्यात आली. तीवर त्याचे नाव त्याच्या घरी लिहीत तसे आहे.