तांबी आहे, तरी पाळी चुकली तर

अगं, तांबी बसवलीय म्हणून पाळी चुकल्यावर नुसती वाट बघत बसू नकोस. तांबी असताना दिवस जाणं दुर्मीळच, वर्षाला शंभरजणींत एखादीलासुद्धा नाही. पण गेलेच, तर गर्भ नळीत अडकला असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते, म्हणून लवकर कळायला हवं.

इथे अ‍ॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टमध्ये खेल्डरलांडप्लेनला खरेदीला जाशील तेव्हाच एक टेस्ट आणून ठेव. चिठ्ठी लागत नाही. सकाळची पहिली लघवी घ्यायची. घटाघटा पाणी पिऊन केलीस तर ती पातळ होते. पाकिटावर सांगितलेल्या मिनिटांतच पट्टी बघायची. वेळेत उमटलेली रेघ फिकट असली तरी ती रेघच. दुपारी कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिलीस आणि करडी रेघ दिसली, तर तिला काही अर्थ नाही. ती वाळल्याची खूण.

हार्मोनवाली तांबी किंवा दंडात गर्भनिरोधक काडी असेल, तर कित्येकींना पाळी येतच नाही. मग चुकली कशी कळणार? मळमळ, छाती दुखणं, उगाच शंका, काहीही असो, टेस्ट कर. शेवटच्या संबंधानंतर 3 आठवडे झाले असतील तर निकाल भरवशाचा. त्या हार्मोनमुळे टेस्ट बिघडत नाही. त्याआधी केलीस आणि 'नाही' आलं, तर 3 आठवडे झाल्यावर पुन्हा.

'हो' आलं तर तांबीचे दोरे स्वतः ओढायचे नाहीत. त्याच दिवशी हाऊसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन. पुण्यासारखं थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाता येत नाही इथे. फोनवर सहायिका खोदून खोदून विचारते, लाजू नकोस. पहिलंच वाक्य: स्पिराल्चे (तांबी) आहे आणि टेस्ट पॉझिटिव्ह आहे. हाऊसआर्ट्सची भेट आरोग्यविम्यातल्या तुझ्या 385 युरोंच्या हिश्श्यात धरत नाहीत. हॉस्पिटलातली सोनोग्राफी धरू शकतात. तेवढ्यासाठी ती पुढे ढकलायची नाही, पैसे जातील तर जातील. मूल हवं असेल तर तांबी काढायची की ठेवायची ते सोनोग्राफी बघून डॉक्टर सांगतील. नको असेल तर गर्भपाताआधी 5 दिवस थांबायची पूर्वीची सक्ती 1 जानेवारी 2023 पासून गेली आहे. निर्णय तुझा, सासूबाईंना कधी सांगायचं तेही तूच ठरव.

ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काही झालं तर 112. दे बूलेलानवरचं हॉस्पिटल जवळ आहे म्हणून सायकल काढू नकोस.

दंडात काडी असलेल्यांनी आणखी एक बघावं. इथल्या दुकानांत मन हलकं करायला सिंट यान्सक्राउटच्या गोळ्या सहज मिळतात. त्यांनी काडीचा असर कमी होतो. टीबीच्या रिफॅम्पिसिनचं आणि फिटच्या काही औषधांचंही तसंच. तांबीला मात्र त्यांचा त्रास नाही.

आणि भारतात बसवलेल्या तांबीचं कार्ड शोधून काढ. 380ए असेल तर 10 वर्षं, 375 असेल तर 5. तारीख उलटलेली निघाली तर टेस्टच्या आधीच हाऊसआर्ट्सची वेळ घे, आणि तोवर कंडोम.