कोअर किती ते शेवटी विचार

बाय, तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं नीट वाचली. एकात इंटेलचा झिऑन 6767पी, दुसऱ्यात एएमडीचा एपिक 9555. दोघांनाही 64 कोअर. एक 350 वॅटचा, दुसरा 360 वॅटचा. आणि तुझे साहेब विचारतायत, यातला भारी कोणता? सोमवारच्या मीटिंगमध्ये तुला उत्तर द्यायचंय. फोनवर तुझा आवाज बारीक झाला होता, म्हणून सगळ्यात आधी हे ऐक. तुला उत्तर सुचत नाही याचं कारण तुझं ज्ञान कमी आहे हे नव्हे. कोणत्या कामासाठी, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. दोन्ही प्रोसेसर उत्तम आहेत. आपल्या कामाला यातला कोणता लागतो, आणि मुळात एवढा लागतो का, हे ठरवणं तुझं काम आहे. ते तुझ्याइतकं त्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही.

दोन्हींपैकी काहीही घेतलं तर नाक कापलं जाईल ही भीती आधी डोक्यातून काढ. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिचंच बघ. जानेवारी 2018 मध्ये तिथं ‘प्रत्युष’ हा महासंगणक सुरू झाला, साधारण 4 पेटाफ्लॉप्सचा. त्यात इंटेलचे 18 कोअरचे झिऑन होते. त्याच संस्थेत 26 सप्टेंबर 2024 ला ‘अर्क’चं लोकार्पण झालं, 11.77 पेटाफ्लॉप्सचा, आणि त्यात एएमडीचे 48 कोअरचे एपिक 7643 आहेत. पावसाचा सहा किलोमीटरच्या चौकटीतला जो अंदाज 2025 पासून मिळायला लागला, तो याच ‘अर्क’वर चालतो. म्हणजे संस्था तीच आणि घराणं बदललं. त्याच दिवशी नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी ‘परम रुद्र’ही देशाला अर्पण झाला. सी-डॅक या सरकारी संस्थेनं बनवलेल्या त्याच्या सर्व्हरमध्ये मात्र झिऑनच आहेत. एवढी मोठी माणसं एकाच दिवशी दोन्ही घराण्यांवर देशाचं काम चालवतात, तर गोव्यात मोपाच्या विमानतळावर येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या ऑफिसला दोन्हींपैकी कुठलंही वर्ज्य असायचं कारण नाही.

पण या मोठ्या खरेदीतली एक पद्धत तू उचल. असे महासंगणक घेताना माहितीपत्रकातले आकडे पाहून भागत नाही. आपलाच प्रोग्राम विकणाऱ्याच्या यंत्रावर चालवून वेळ मोजायची पद्धत आहे. तूही तेच माग. मागच्या चतुर्थीच्या आधीचा आठवडा, जेव्हा माल सगळ्यात जास्त आला होता, त्या आठवड्याचा डेटाबेस घे, गिऱ्हाइकांची नावं-नंबर त्यातून पुसून टाक आणि दोन्ही विकणाऱ्यांना सांग, महिनाअखेरचा रिपोर्ट यावर काढून दाखवा. ते टाळाटाळ करायला लागले तर क्लाउडवर दोन्ही घराण्यांची यंत्रं तासाच्या भाड्यानं मिळतात, तिथं स्वतः चालवून बघ. तिथं एका गोष्टीकडे मात्र डोळे उघडे ठेव. काही क्लाउडवर एएमडीच्या नव्या यंत्रांत एक व्हीसीपीयू म्हणजे अख्खा एक कोअर असतो, आणि इंटेलच्या यंत्रांत तो एक थ्रेड असतो, म्हणजे अर्ध्या कोअरचा धनी. आठला आठ लावून तुलना केलीस तर एएमडी उगाच जास्त भारी दिसेल.

आता कोअरचं. साहेबांच्या मनात 64 हा आकडा बसलाय. तू पाठवलेल्या आलेखात तुमच्या जुन्या सर्व्हरचा दिवसभराचा वापर बघ गो, सरासरी तीस टक्क्यांच्याही खाली आहे. महिनाअखेरीला दोन तास तेवढा चढतो, आणि तेव्हाही सगळे कोअर भरत नाहीत. एक लांबलचक रिपोर्ट एक-दोन कोअरवरच धापा टाकतो. अशा वेळी जास्त कोअर कामाला येत नाहीत, एकेक कोअर वेगवान असावा लागतो.

आणि कोअरची किंमत प्रोसेसरच्या बिलात संपत नाही. ही गोष्ट विकणारा आपणहून सांगणार नाही, म्हणून मी सांगते. विंडोज सर्व्हरचं लायसन्स यंत्रातल्या कोअरवर मोजतात. सर्व्हरमागे किमान 16 कोअरचं घ्यावंच लागतं, आणि त्यावर जितके कोअर तितके पैसे. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरचंही कोअरवर, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान 16. शिवाय 2023 च्या अखेरीस ब्रॉडकॉमनं ती कंपनी घेतल्यापासून तिथं एकदा पैसे भरून कायमचं मोकळं होता येत नाही, मुदत संपली की पुन्हा वर्गणी. तुमचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर 2022 ची स्टँडर्ड आवृत्ती आहे ना? तिच्या एका इन्स्टन्सला 24 च्या वर कोअर वापरताच येत नाहीत. म्हणजे डेटाबेस एकटाच 64 कोअरच्या यंत्रावर बसवलास तर 40 कोअर त्याच्या उपयोगाचे नाहीत, आणि आतल्या विंडोजचे पैसे मात्र चौसष्टांचे. सोमवारी तू फक्त हा एवढा हिशेब फळ्यावर मांडलास तरी अर्धी मीटिंग तुझी.

दोन्ही घराण्यांत खरा फरक कुठं आहे, तेही सांगते. पहिला मेमरीत. एपिकच्या या पिढीत मेमरीच्या 12 वाटा आहेत, या झिऑनमध्ये 8. एपिकची मेमरी 6000 च्या वेगानं आणि झिऑनची 6400 नं धरली तर कागदावर एका बाजूला सेकंदाला 576 जीबी आणि दुसऱ्या बाजूला सुमारे 410 जीबी डेटा वाहू शकतो. हवामानाच्या मॉडेलांना, मोठ्या गणितांना हा फरक जाणवतो. तुमच्या कामाला तो थोडा जाणवेल. पण एपिकच्या कोटेशनमध्ये त्यांनी मेमरीच्या चारच पट्ट्या टाकल्यात, 128 जीबीच्या. बारा वाटांतल्या आठ बंद! रस्ता बारा पदरी बांधायचा आणि बॅरिकेड लावून चारच पदर उघडे ठेवायचे, त्यातली गत. एकूण मेमरी साधारण तेवढीच हवी असेल तर लहान पट्ट्या घे, पण बाराच्या बारा जागा भर. झिऑन घेतलास तर आठ. हा बदल कोटेशनमध्ये लेखी करून घेतल्याशिवाय पुढं बोलूच नको.

दुसरा फरक झिऑनच्या बाजूचा आहे, तोही प्रामाणिकपणे मांड. झिऑनमध्ये एएमएक्स नावाची सोय आहे, मॅट्रिक्सची गणितं भराभर करणारी. उद्या तुम्हाला पावत्यांच्या स्कॅनमधून मजकूर वाचणारं एखादं छोटं एआय मॉडेल ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवायचं असेल तर ती कामाला येते. डेटा कॉम्प्रेस करायला, एन्क्रिप्ट करायला क्यूएटी हे वेगळं यंत्र त्याच चिपमध्ये बसवलेलं आहे. पण या दोन्ही सोयी सॉफ्टवेअरनं वापरल्या तरच खऱ्या. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला साधं विचार, तुमचं सॉफ्टवेअर हे वापरतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. तुमचे जुने दोन्ही सर्व्हर झिऑनचे आहेत. चालू असलेलं व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न थांबवता सरकवता येतं, पण ते एकाच घराण्यात. इंटेलवरून एएमडीवर चालू मशीन सरकत नाही. बंद करायचं, नेऊन पुन्हा सुरू करायचं. मोपाला 5 जानेवारी 2023 ला विमानं उतरायला लागली तेव्हापासून तिथं रात्र-दिवस असा भेद राहिला नाही, तुमचं गोदामही रात्री जागंच असतं. म्हणून जुन्यातला एखादा सर्व्हर ‘चालतोय तोवर चालू दे’ म्हणून नव्याच्या जोडीला ठेवायचा असेल, तर नवा झिऑनच घे. दोन्ही जुने काढून टाकायचे असतील तर ही अडचण एकाच रात्रीची. एखादी कमी गर्दीची रात्र धरून बदल करून टाका.

10 वॅटच्या फरकावर मीटिंगमध्ये कुणी वाद घालायला लागलं तर त्यात पडू नको. विजेचं खरं दुखणं वेगळं आहे. पेडण्यात जूनमध्ये पहिला गडगडाट झाला की लाईट कशी ये-जा करते, ते तू लहानपणापासून बघतेस. सर्व्हर खातो ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत पडते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. तुमचे दोन सर्व्हर सगळं धरून त्याच्या निम्म्यातही नसतील. म्हणजे एसी मोठा नकोय, तो बंद पडता कामा नये. एक एसी पुरेसा असला तरी दोन बसवा, आळीपाळीनं चालवा, आणि दोघांचे ब्रेकर वेगळे ठेवा. जनरेटरवर नुसता यूपीएस जोडलाय की एसीसुद्धा, हे इलेक्ट्रिशियनला तोंडी विचारू नको. मेन स्विच पाडून स्वतः बघ. एसी रॅकच्या बरोबर वर लावू देऊ नको, पावसाळ्यात त्यातून टपकणारं पाणी थेट रॅकवर येतं. आणि लाईट गेल्यावर यूपीएसची बॅटरी ठरावीक खाली आली की सर्व्हर आपोआप शिस्तीत बंद होतो का, तेही एकदा करून बघा. डेटाबेस मध्येच विझला तर त्याला सावरायला प्रोसेसरचा वेग फार थोडा कामाला येतो.

दुरुस्तीचंही बघ. दोन्ही कोटेशनमध्ये ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी’ असं लिहिलंय. ते कुठल्या गावासाठी? पणजीसाठी असेल तर तुये आणि धारगळ त्यात धरतात का? सुटा भाग कुठल्या शहरातून येणार? आपल्या पत्त्याचा पिन कोड घालून कंपनीच्या लेटरहेडवर उत्तर घे. शनिवारी रात्री मदरबोर्ड गेला तर कामाचा दिवस सोमवार, दुसरा कामाचा दिवस मंगळवार, हे साहेबांना बोटावर मोजून दाखव.

याच कारणासाठी माझं ठाम म्हणणं आहे, दोन प्रोसेसरचा एक बलाढ्य सर्व्हर घेऊ नका. एकेका प्रोसेसरचे दोन घ्या. एक बसला तर दुसऱ्यावर गोदाम चालतं. एपिकमध्ये 9355पी आहे, 32 कोअर, 280 वॅट, मेमरीच्या वाटा बाराच. झिऑनमध्ये 6737पी आहे, तोही 32 कोअरचा, 270 वॅट. फक्त नावातल्या ‘पी’ला फसू नको. एएमडीच्या नावात तो असला की तो प्रोसेसर एकट्यानंच चालतो, पुढं शेजारी दुसरा बसवता येत नाही. इंटेलच्या नावातल्या ‘पी’चा तसा अर्थ नाही. आपल्याला एकेकच हवाय, त्यामुळे हरकत नाही, पण विकणारा ‘पुढं वाढवता येईल’ म्हणाला तर त्याला तिथंच थांबव.

आणि आता मीटिंगचं. तिथं विकणारे दोघंही असतील, भराभर बोलतील, स्लाइडवर मोठमोठे आकडे दाखवतील. तुला एखादा आकडा कळला नाही तर मान हलवू नको. ‘हा आकडा कुठल्या कामावर मोजलाय, आणि त्यात मेमरीच्या किती पट्ट्या होत्या?’ एवढंच विचार. आवाज चढवायची गरज नाही. साहेबांनी लगेच निकाल मागितला तर ‘आपल्या डेटावरची चाचणी झाली की लेखी देते’ म्हण. पेडण्याहून रोज बसनं येणारी मुलगी म्हणून तुला कुणी हलकं लेखू बघेल, तर त्याला बघू दे. त्या सर्व्हरपाशी रात्री-बेरात्री तूच उभी असतेस, म्हणून तिथला शब्द तुझाच चालायला हवा, आणि तो तू लेखी मांडलास की चालतो.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. जुने दोन्ही सर्व्हर काढणार असाल तर एपिक 9355पीचे दोन घ्या, मेमरीच्या बारा-बारा जागा भरून. जुना एक ठेवणार असाल तर झिऑन 6737पी. दोन्ही कोटेशनमधले 64 कोअर मात्र परत पाठव. लायसन्समध्ये काही वाचलं तर त्यातून दुसरा एसी, यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या आणि ऑफिसबाहेर ठेवायचा बॅकअप एवढं बसव. सोमवारी मीटिंग संपली की मला फोन कर.