म्हातारे मांजर सतत खाजवते : आधी कारण शोधा, मग औषध लावा

शेतकऱ्याच्या घरी मांजर हौसेपेक्षा गरजेपोटी पाळले जाते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात दक्षिणेकडे ज्वारी-बाजरीची पोती असोत की उत्तरेकडे गहू-सोयाबीनची, उंदरांपासून त्यांची राखण मांजरच करते. असे मांजर आठ-दहा वर्षांचे झाले की त्याची शिकार कमी होते आणि घरच्यांचे त्याच्याकडील लक्षही कमी होते. नेमके याच वयात ते सारखे अंग खाजवू लागते, केस झडतात, खपल्या धरतात. त्यावर कोणीतरी गोठ्यातील गोचिडाचे औषध लावतो. त्यामुळे खाज थांबण्याऐवजी मांजर दगावू शकते. हे टाळण्यासाठी पुढील माहिती लक्षात ठेवावी.

म्हातारपणी खाज का वाढते?

तरुण मांजर दिवसातील बराच वेळ अंग चाटून स्वच्छ करते. वय झालेल्या मांजराचे सांधे दुखतात. पाठीला व शेपटीच्या बुडाला त्याचे तोंड पोहोचत नाही. दात व हिरड्या दुखत असल्यास ते चाटणेच सोडते. परिणामी केसांच्या गाठी होतात, पिसवा वाढतात. त्वचाही पातळ व कोरडी होत असल्याने नखांनी लवकर जखम होते.

खाज कोठे आहे ते पाहावे

मांजर उजेडात मांडीवर घेऊन केस उलटे सारून पाहावे. खाज अंगाच्या कोणत्या भागावर आहे यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

१) पाठीचा मागील भाग व शेपटीचे बूड : बहुधा पिसवा. केसांतील काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरल्यास ती पिसवांची विष्ठा समजावी. काही मांजरांना पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी असते. त्यांना दोन-चार चावेही पुरे होतात, त्यामुळे पिसू दिसली नाही म्हणून ती नाहीच असे समजू नये.

२) कान : मांजर डोके झटकते व कानात चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसतो. हे कानातील सूक्ष्म किड्यांचे लक्षण आहे.

३) कानाच्या कडा, कपाळ व मान : जाड, राखाडी खपल्या असल्यास खरूज असू शकते. ती इतर मांजरांना लवकर लागते व माणसालाही काही काळ खाज आणते.

४) गोल, केस गेलेले चट्टे : हा नायटा असू शकतो. नायट्यात खाज कमीही असते, परंतु तो घरातील मुलांना लागतो. अशा मांजरास मुलांच्या अंथरुणात येऊ देऊ नये.

५) पोट किंवा एखादा सांधा सतत चाटणे : कारण त्वचेत नसून मूत्राशयाच्या किंवा सांध्याच्या दुखण्यात असू शकते.

गोचिडाचे औषध मांजरास नको

२०२२ मध्ये लम्पी त्वचा रोगाच्या साथीत गोठ्यातील माश्या व गोचिडांचे नियंत्रण करण्याचा सल्ला पशुपालकांना देण्यात आला व तो योग्यच होता. तेव्हापासून फवारणीच्या बाटल्या अनेकांच्या घरात आहेत. जनावरास सोसणारे औषध मांजरास मात्र सोसत नाही. काही औषधांचे विष शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची शक्ती फार कमी असते. शिवाय अंगाला लावलेले सर्व काही ते चाटते, म्हणजे लावलेले औषध पोटात जातेच. म्हणून पुढील वस्तू मांजरास कधीही लावू नयेत :

• परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असलेली जनावरांची व पिकांची औषधे
• कुत्र्यासाठीचे पिसवांचे औषध
• फिनेल, रॉकेल, गाडीचे जळके ऑइल
• जुन्या डब्यात उरलेली बी.एच.सी. पावडर (१९९७ पासून देशात बंदी)

दुखणे असेल म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये. माणसाच्या एका गोळीचा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो.

चुकून असे औषध लागले आणि लाळ गळणे, अंग थरथरणे, तोल जाणे किंवा झटके ही लक्षणे दिसली, तर उशीर करू नये. मांजर शुद्धीवर असेल व झटके येत नसतील, तर कोमट पाणी व भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवावे, न चोळता पुसावे, कोरड्या कापडात गुंडाळून दवाखान्यात न्यावे. ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. औषधाची बाटली सोबत न्यावी.

घरी करावयाचे उपाय

पिसवा असल्यास बारीक दातांच्या फणीने रोज केस विंचरून फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेले, मांजरासाठीच बनवलेले थेंबाचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने व वजनानुसार मानेच्या मागे, जेथे जीभ पोहोचत नाही तेथे, कातडीवर टाकावे.

मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. त्यांची अंडी, अळ्या व कोष जमिनीच्या भेगांत, गोणपाटात व अंथरुणात असतात. उबदार, दमट हवेत तीन-चार आठवड्यांत नवी पिढी तयार होते व कोष तर काही महिनेही टिकतो. त्यामुळे एकदा औषध टाकून भागत नाही. निदान तीन महिने उपचार चालू ठेवावा. मांजर झोपते ते कापड आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, भेगा झाडून केर लांब टाकावा. घरातील इतर मांजरे व कुत्रा यांचाही उपचार एकाच वेळी करावा. मात्र कुत्र्याचे औषध परमेथ्रिनचे असल्यास त्याला मांजरापासून दूर ठेवावे.

आहार सुधारावा

शिकार थांबलेले मांजर केवळ भाकरी-दुधावर नीट जगत नाही. त्याला टॉरिन हा घटक लागतो व तो मांस-मासळीतूनच मिळतो. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही. म्हणून उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे चिकन किंवा मासे थोडे-थोडे द्यावेत. अंड्यात टॉरिन कमी असल्याने केवळ अंड्यावर भागवू नये. स्वच्छ पाणी सतत ठेवावे. आहार चांगला असेल तर कातडी व केसांचीही स्थिती सुधारते.

दवाखान्यात केव्हा न्यावे?

जखमेतून पू येत असल्यास, कानाला वास येत असल्यास, नायट्याची शंका असल्यास किंवा पिसवांच्या उपचारानंतर महिन्यातही खाज न थांबल्यास मांजर तपासून घ्यावे. भूक चांगली असून वजन घटणे किंवा पाणी जास्त पिणे ही थायरॉइड, मूत्रपिंड वा मधुमेहाच्या विकाराची लक्षणे असू शकतात. दवाखान्यात जाताना खाज केव्हा सुरू झाली, मांजर काय खाते आणि आतापर्यंत काय लावले हे लिहून न्यावे. पुष्कळदा निदान त्यावरच अवलंबून असते.

थोडक्यात, म्हाताऱ्या मांजरास खाज सुटली की गोठ्यातील बाटलीकडे हात जाऊ देऊ नये. खाज कोठे आहे ते पाहावे, कारण ओळखावे आणि मगच मांजराचेच औषध द्यावे. अनेक वर्षे आपल्या धान्याची राखण केलेल्या जनावरासाठी एवढी काळजी घेणे सहज शक्य आहे.